तांबडी शाई आणि पिकली पाने

आमच्या शाळेच्या आवारात, पाण्याच्या टाकीजवळ, देशी बदामाचे एक झाड आहे. त्याच्या सावलीत बसून डबा खाल्ला नाही असा विद्यार्थी शाळेत सापडावयाचा नाही. आम्ही येथे एकोणीस वर्षे शिकवीत आहोत. म्हणजे या झाडाने आमच्यादेखत निदान एकोणीस वेळा आपली पाने टाकली. तथापि, ती ते कोणत्या महिन्यांत टाकते, असे दोन वर्षांपूर्वी कोणी आम्हांस विचारले असते, तर आम्ही बेधडक ‘शरद ऋतूत’ असे उत्तर दिले असते. हे उत्तर चुकीचे आहे. चुकीचे उत्तर देणे हा शिक्षकाच्याही हातून घडणारा प्रमाद होय, व त्याची क्षमा होते. परंतु त्याच उत्तराच्या जोरावर आम्ही एका मुलाचे बरोबर उत्तर तांबड्या शाईने खोडले, ती हकीकत येथे सांगावयाची आहे. त्या मुलाची संमती घेतली आहे. त्याचे नाव मात्र देत नाही.

इयत्ता आठवीस आम्ही मराठी व इंग्रजी असे दोन्ही विषय शिकवितो. त्या वर्षी सहामाहीच्या सुमारास इंग्रजीच्या तासाला ‘ऑटम’ हा शब्द आला. आम्ही फळ्यावर लिहिले, ‘ऑटम म्हणजे शरद’; आणि शब्द हाती आलाच आहे तर त्याचा उपयोग करून घ्यावा, या काटकसरी वृत्तीने मराठीच्या तासाला ‘शरद ऋतूचे वर्णन’ हा निबंध दिला. मुद्देही आम्हीच सांगितले. पाने पिवळी व तांबडी होतात, वाऱ्याच्या झुळुकेसरशी भुईवर उतरतात, वाटांवर गालिचा अंथरला जातो, आणि कविमन उदास होते. मुलांनी ते मुकाट्याने उतरून घेतले. खिडकीबाहेर बदामाचे झाड हिरवेगार उभे होते, पण त्याच्याकडे आमची पाठ होती.

दुसऱ्या दिवशी वह्यांचा गठ्ठा तपासताना एका वसतिगृहातील मुलाची वही हाती आली. मुलगा रामटेकच्या पुढचा, देवलापारच्या बाजूचा. त्याने लिहिले होते : ‘शरदात आमच्या गावी पाने गळत नाहीत. तेव्हा धान उभे असते, नाल्याचे पाणी नितळ होते आणि बांधावर कास फुलतो. पाने होळीच्या आधी गळतात. सागाचे वाळलेले पान पडले की सूप पडल्यासारखा आवाज होतो. मग आई मोहाखालची पाने झाडते.’ एवढ्यावर निबंध संपला होता. आम्ही त्यावर तिरपी रेघ ओढली आणि खाली शेरा दिला, ‘विषयास सोडून. दिलेले मुद्दे वापरावे.’ गुण किती दिले हे आज नक्की आठवत नाही. दहापैकी चार दिले असावेत.

मुलाने वही घेतली, शेरा वाचला व तो जागेवर जाऊन बसला. उलट बोलला नाही, रडला नाही. त्यानंतर त्याने तसली चूक कधीही केली नाही. पावसावर, दिवाळीवर, सहलीवर, सगळे निबंध त्याने आम्ही सांगितलेल्या मुद्द्यांबरहुकूम लिहिले. जानेवारीत ‘माझी आई’ हा निबंध झाला. त्यात मोहाचे झाड नव्हते, पाने झाडणे नव्हते. आई म्हणजे वात्सल्याचा सागर, असे मात्र सुवाच्य अक्षरांत होते. आम्ही त्यास आठ गुण दिले आणि शिक्षकांच्या खोलीत त्याच्या प्रगतीविषयी समाधानाचे चार शब्दही बोललो.

आता कॅमेऱ्याविषयी. पुढल्या वर्षीच्या पावसाळ्यात आमचे वडील निवर्तल्याला एक वर्ष झाले. तेही आयुष्यभर शिक्षकच होते. त्यांची पत्र्याची पेटी आवरण्याचे धैर्य आम्हांस तोवर झाले नव्हते. ती उघडली तेव्हा हजेरीपटांच्या खाली, चामड्याच्या म्यानात, ‘आगफा क्लिक थ्री’ हा त्यांचा जुना कॅमेरा मिळाला. हे यंत्र एके काळी आपल्याच देशात, बडोद्यास, तयार होत असे व मध्यम स्थितीतील घरांतून त्याचा मोठा प्रसार होता. त्याच्या रिळावर अवघी बारा चौकोनी चित्रे निघतात. पाठीमागे तांबड्या काचेची बारीकशी खिडकी असते. कितवे चित्र चालू आहे तो आकडा तीतून दिसतो. प्रकाश मोजण्याचे साधन त्यात नाही. हात किंचित हलला तरी चित्र फसते. म्हणून वडील म्हणत असत, ‘बटण दाबताना श्वास रोखावा.’ पेटीत चित्रांच्या काचपट्ट्याही होत्या. त्या उजेडासमोर धरून आम्ही एक दुपार घालविली. डोंगर, देवळे, सूर्यास्त यांपैकी काही नव्हते. सगळे वर्गच होते. ओळीने उभी राहिलेली मुले, त्यांतील निदान दोघांचे डोळे हटकून मिटलेले. वडिलांनी आपल्या बारा चित्रांचा हिशेब असा मांडला होता.

असले रीळ आजही मिळते. मात्र ते मुद्दाम मागवावे लागते आणि महाग पडते. आम्ही एक कृष्णधवल रीळ मागविले. मनात योजना अशी की, ऑक्टोबरात रानात हिंडून पानगळीची चित्रे घ्यावीत व ‘शरदाची शोभा’ या मथळ्याचे भित्तिपत्रक करावे. वाचकहो, येथवर आलात तर आमची फजिती कशी झाली ते आपण ताडलेच असेल.

ऑक्टोबरातील चार शनिवार आम्ही अंबाझरीच्या काठाने, गोरेवाड्याच्या बाजूने, नागपुराबाहेरच्या पांदण्यांनी भटकलो. पिकले पान हाती लागेना. साग आपले रुंद हिरवे पंखे हलवीत उभे. पळसाला नुसती पानेच पाने. ओढ्यांचे पाणी इतके स्वच्छ की तळचे गोटे मोजावेत. पाण्याकडेला कास पांढरा झाला होता. पहिले दिवस आम्ही झाडांवर रुसलो. यंदा पाऊस लांबला, म्हणून उशीर झाला असेल, अशी त्यांच्या वतीने सबबही शोधली. तिसऱ्या शनिवारी कासाच्या तुऱ्यांकडे पाहत असता ‘नाल्याचे पाणी नितळ होते आणि बांधावर कास फुलतो’ ही ओळ आम्हांस शब्दशः आठवली. कोठे वाचली, हे मात्र आठवेना. एखाद्या नामांकित लेखकाची असावी असे वाटून आम्ही घरी येऊन दोन पुस्तके चाळली!

ती कोणाची हे रात्री अंथरुणावर लक्षात आले. उठून बसावे लागले.

महिन्यांचा हिशेब मुळीच कठीण नाही. आश्विन व कार्तिक हा शरद. मार्गशीर्ष व पौष हा हेमंत. माघ व फाल्गुन हा शिशिर. आपल्या पूर्वजांचा शरद म्हणजे निरभ्र आकाश, चांदणे व निवळलेले पाणी. ‘ऋतुसंहारा’च्या सहा सर्गांतही शरद व शिशिर यांची दालने वेगवेगळी आहेत. मर्ढेकरांचा ‘शिशिरागम’ हा १९३९ सालचा काव्यसंग्रह आमच्या कपाटात विद्यार्थिदशेपासून आहे. पानगळीची मराठी मिती त्याच्या पुठ्ठ्यावरच लिहिलेली होती म्हणावयाची. इंग्लंडातील ऑटम व आपला शरद हे पंचांगाच्या एकाच पानावर येतात, म्हणून कोशात शेजारी बसले. पण तिकडे दिवस लहान होतात, थंडी येते, म्हणून झाड पाने टाकते. आपल्याकडे त्यास थंडीचे भय नाही. भय आहे ते पाण्याचे. पावसाचा ओलावा झाडास हिवाळाभर पुरतो. पुढे जमीन तापू लागली की पानांच्या असंख्य सूक्ष्म छिद्रांतून उडून जाणारे पाणी त्यास परवडेनासे होते. मग ते पान सोडते. पण उधळेपणाने नव्हे. आधी हरितद्रव्य मोडते, नत्र व स्फुरद ही मोलाची द्रव्ये पानातून बऱ्याच अंशी काढून खोडाफांद्यांत परत घेतली जातात, आणि देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ पडदा तयार होतो. तेथून पान निखळते. पिवळा रंग पानात पहिल्यापासून असतोच, हिरव्याखाली झाकलेला. तांबडा मात्र बहुधा शेवटच्या दिवसांत नव्याने तयार होतो. आम्ही कला शाखेचे पदवीधर असल्यामुळे हे सारे आमच्या विज्ञान शिकविणाऱ्या सहकाऱ्यांकडून समजून घेतले. त्यांनी फारसे न हसता सांगितले, याबद्दल त्यांचे आभार.

त्याच सहकाऱ्यांनी आम्हांस एक दगड दाखविला. कामठीच्या बाजूचा पिवळसर वालुकाश्म. त्यावर जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे, मधली शीर व जाळीदार शिरा स्पष्ट. या वनस्पतीस ग्लॉसॉप्टेरिस म्हणतात. हे पान पंचवीस कोटी वर्षांपूर्वी, किंवा त्याहूनही आधी, गळले. तेव्हा आपली ही भूमी आफ्रिका, ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका यांना जोडलेली व दूर दक्षिणेस होती. पानांचे थरावर थर सापडतात, यावरून ही झाडे ऋतूऋतूला पाने टाकीत असावीत असे शास्त्रज्ञ मानतात. १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना मरण पावलेल्या कॅप्टन स्कॉट यांच्या तुकडीजवळ सुमारे १६ किलो दगड सापडले. त्यांतही याच पानांचे ठसे होते. उपाशी व थकलेल्या माणसांनी ते ओझे शेवटपर्यंत टाकले नाही.

नागपूरच्या परिसरातील असली पाने जमविणारे पहिल्या मंडळींपैकी एक म्हणजे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप. नागपुरातील हिस्लॉप कॉलेजमुळे हे नाव येथील प्रत्येकास ठाऊक असते. पण नाव ठाऊक असणे वेगळे. १८१७ साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेला हा गृहस्थ १८४५ साली नागपुरास आला, त्याने शाळा चालविली आणि वेळ मिळेल तेव्हा आसपासचे दगड, शिंपले, पाने पाहत तो हिंडला. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटाहून परत येताना नाल्याच्या पुरात त्याचा अंत झाला. ज्याच्या मायदेशी पाने खरोखरच ऑक्टोबरात गळतात, तो येथे येऊन येथल्या खाणींतील पान पाहतो; आणि आम्ही येथेच जन्मून, येथेच वाढून, त्याच्या देशातली पानगळ आमच्या मुलांस सांगतो! दगड परत करताना आम्ही काही बोललो नाही. सहकाऱ्यांस वाटले, आम्हांस तो आवडला नाही.

रिळावर दहा चित्रे शिल्लक होती. भित्तिपत्रकाची कल्पना सोडून दिली होती; आता झाड खरोखर काय करते ते पाहावयाचे होते. खिशातील मोबाइलवर एका सकाळी शंभर चित्रे घेता येतात, हे आम्हांस ठाऊक आहे. पण दहाच चित्रे उरली असता मनुष्य एका झाडासमोर अर्धा अर्धा तास उभा राहतो व चित्र न घेताच घरी येतो, हा अनुभव निराळा. फार जवळ जाऊन एकटेच पान टिपू गेल्यास आमच्या कॅमेऱ्यात ते धूसर येते. तेव्हा झाड अख्खे पाहावे लागते, त्याखालची जमीन पाहावी लागते. शिवाय चित्रात रंग उमटणार नव्हता, म्हणून आम्ही प्रत्येक चित्राची नोंद वहीत करू लागलो.

डिसेंबराच्या अखेरीस बदामाने आपली पाने रंगविली. गर्द तांबडी, एखाददुसरे पान अर्धे हिरवे. फेब्रुवारीत रामटेकच्या वाटेवर धावडा तांबूस झाला. त्याच महिन्यात साग उतरू लागला. हे दृश्य डोळ्यांना तितकेसे रम्य नाही. पाने करपल्यासारखी, किड्यांनी जाळी केलेली. पण एका निवांत दुपारी वारा मुळीच नसताना वरून एक पान सुटले, फांदीवर आपटत आपटत आले, आणि भुईवर पडताना त्याचा जो आवाज झाला तो ऐकून आम्ही श्वास रोखावयाचे विसरलो. त्या चित्रात सगळेच हलले आहे. आवाज सुपाचाच होता. ‘यात अलंकार नाहीत,’ असे आम्ही ती वही तपासताना मनात म्हटले होते. एक होता, तो कानाने लिहिलेला होता.

नववीतल्या त्या मुलाला बोलाविण्यास आम्हांस आणखी पंधरा दिवस लागले. विद्यार्थ्यापुढे चूक कबूल करणे पदव्यांनी सोपे होत नाही. एके दिवशी प्रार्थनेनंतर त्यास बाजूला घेऊन सांगितले, ‘आठवीत तुझा शरदावरील निबंध आम्ही खोडला होता. तू लिहिलेस ते खरे होते. चूक आमची होती.’ त्याने बुटाकडे पाहत म्हटले, ‘मला आठवत नाही, सर.’ ‘ती वही आहे का?’ ‘रद्दीत गेली.’ त्यावर आमचे सारे भाषण संपले. दुरुस्त करावयास ना वही होती, ना गुण. जाता जाता आम्ही विचारले, ‘मोह आता पाने टाकत असेल?’ तो प्रथमच वर पाहून म्हणाला, ‘अर्धी झाली असतील. फूल लागायला आलं असेल.’

मार्चातील एका शनिवारी वसतिगृहाच्या अधिक्षकांची परवानगी काढून आम्ही दोघे एस.टी.ने त्याच्या गावी गेलो. वाटेत तो फारसे बोलला नाही. पण गाव जवळ येऊ लागले तसा खिडकीतून एकेक झाड दाखवू लागला : हे ऐन, हा तेंदू, तो पांढऱ्या सालीचा कडई. आमच्या एम.ए.च्या अभ्यासात यांतील एकही नव्हते. मुक्काम त्याच्या घरी झाला. पहाटे अंधार असतानाच त्याच्या आईने आम्हांस मोहाखाली नेले. तिने आदल्या दिवशीच खालची पाने झाडून जमीन लख्ख केली होती. पुष्कळ ठिकाणी ती पाने पेटवून देतात व त्यातून रानास वणवा लागतो. ही बाई पेटवीत नाही, ढीग करून शेतात नेते. कारण विचारले तेव्हा ती संकोचून म्हणाली, ‘पानं नाही झाडली तं फूल दिसत नाही जी, गुरुजी. अन् जाळली तं झाडाले आच लागते.’ तेवढ्यात वरून फुले पडू लागली. जाड, मलईच्या रंगाची, टप टप असा आवाज करीत. मायलेकरे टोपली घेऊन वाकली. आम्हीही वाकलो; पण थोड्याच वेळात कंबर धरून उभे राहिलो.

तांबड्या खिडकीत बाराचा आकडा होता. कॅमेरा आम्ही मुलाच्या हाती दिला. त्याने तो उलटसुलट पाहिला, आईकडे वळला, मग मोहाकडे, आणि पुष्कळ वेळ थांबून बटण दाबले. श्वास रोखावयास आम्ही त्यास सांगितले नव्हते. तो रोखलेला आम्हांस दिसला.

रीळ एका वृद्ध छायाचित्रकाराने धुऊन दिले. बारांपैकी सात चित्रे बरी आली. त्यांत तांबडा बदाम व हिरवा साग एकाच राखी रंगाचे दिसतात. वहीतील नोंद वाचल्याखेरीज कोणते पान पिकले व कोणते नाही हे सांगता येत नाही. बारावे चित्र सर्वांत चांगले आहे. त्यात झाडलेली जमीन आहे, तीवर फुलांचे ठिपके, टोपली, आणि वाकलेली बाई; तिचा चेहरा दिसत नाही. मोह वरच्या कडेला कापला गेला आहे. त्याची एक प्रत मुलाच्या घरी भिंतीवर लागली आहे. आता आठवीस आम्ही निबंधाचे मुद्दे सांगत नाही. वह्या तपासावयास दुप्पट वेळ लागतो, आणि काही पालकांची तक्रारही आली की मुलांस परीक्षेत काय लिहावे ते कळत नाही. ती तक्रार अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही.

त्या रविवारी परतीच्या एस.टी.ची वाट पाहत आम्ही दोघे सडकेच्या कडेला उभे होतो. समोरचा पळस निष्पर्ण होऊन फुलला होता. मुलाच्या हातात आईने दिलेली वाळल्या मोहाची पुरचुंडी होती. गाडी वळणावर दिसली तेव्हा तो आमच्याकडे न पाहता म्हणाला, ‘सर, ते आठवतं मला.’

‘काय?’

‘तो निबंध.’

‘आम्ही फार कमी गुण दिले असतील. चार, नाही का?’

‘तीन, सर,’ तो म्हणाला, आणि त्याने गाडीला हात केला.